नर्सिंग असिस्टंटचे नवे काम : सल्ला कोणाकडे, केव्हा आणि कसा मागावा

नर्सिंग असिस्टंटच्या प्रशिक्षणात बेडपॅन कसा द्यायचा, अंथरुणावरच्या रुग्णाला स्पंज कसा द्यायचा, नाडी कशी मोजायची हे सगळे शिकवले जाते. वॉर्डात पाऊल टाकल्यावर मात्र पडणारे प्रश्न वेगळेच असतात. दोन बेल एकदम वाजल्या तर आधी कोणाकडे जायचे, आंघोळीला नाही म्हणणाऱ्या आजोबांचे काय करायचे, नर्स औषधांच्या फेरीत असताना तिला मध्येच थांबवायचे की नाही, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. मग नवखा माणूस दिसेल त्याला विचारतो आणि प्रत्येकाकडून वेगळे उत्तर ऐकून अधिकच गोंधळतो. या कामात विचारण्याची लाज वाटणे धोक्याचे आहेच. पण चुकीच्या माणसाला विचारून निश्चिंत होणे हे त्याहून धोक्याचे, कारण तिथे चूक आत्मविश्वासाने होते. म्हणून कोणता प्रश्न कोणापुढे न्यायचा, हे आधी ठरवून घ्यावे.

रुजू होण्याआधी विचारून घ्यायच्या गोष्टी

पहिली मागणी लेखी कार्यकक्षेची करावी. नर्सिंग असिस्टंटने काय करायचे आणि काय करायचे नाही, याचे नियम प्रत्येक देशात, कित्येकदा प्रत्येक संस्थेत वेगळे असतात. एका ठिकाणी ग्लुकोमीटरने साखर तपासणे हे तुमचे काम असेल, तर दुसऱ्या ठिकाणी त्याला हात लावण्याचीही परवानगी नसेल. औषध देणे, सलाईनचा वेग बदलणे, ऑक्सिजन कमीजास्त करणे ही कामे साधारणपणे तुमच्या कक्षेबाहेरची असतात, आणि ‘जरा एवढे करून टाक ना’ म्हणून नेमकी हीच कामे नव्या माणसाच्या गळ्यात पडतात. कागद हाती असला की नकार देताना वाद घालावा लागत नाही.

दुसरी चौकशी लसीकरणाची. हिपॅटायटिस बी लसीचे नेहमीचे वेळापत्रक तीन डोसांचे आहे : पहिला डोस, त्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. सहा महिन्यांचा हा कालावधी लक्षात घेता, कामावर रुजू होईपर्यंत वाट न पाहता शक्य तितक्या लवकर सुरुवात केलेली बरी. लस घेऊन झाल्यावर प्रतिकारशक्ती तयार झाली की नाही हे रक्ततपासणीने पाहतात. ती सोय संस्थेत आहे का, तेही विचारावे.

तिसरा प्रश्न, सुरुवातीच्या दिवसांत तुम्ही कोणाच्या हाताखाली असाल. त्या व्यक्तीचे नाव आणि ड्यूटीच्या वेळा आधीच कळलेल्या असाव्यात. गणवेशाबद्दल फार सांगण्यासारखे नाही : बंद आणि न घसरणारे बूट, सेकंदकाटा असलेले घड्याळ, आखूड नखे. कृत्रिम नखे आणि अंगठ्या घरीच ठेवाव्यात, कारण त्यांच्याखाली जंतू टिकून राहतात.

प्रश्नांची विभागणी

मनात प्रश्न आला की तो चारांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे क्षणभर थांबून पाहावे. रुग्णाची प्रकृती, सुरक्षितता किंवा डॉक्टरांचा आदेश यांच्याशी संबंध असेल, तर तो प्रश्न त्या रुग्णाची जबाबदारी असलेल्या नर्सचाच. तिथे शेजारच्या असिस्टंटचा अंदाज चालत नाही. हातोटीचा प्रश्न असेल, म्हणजे जड रुग्णाखालची चादर कमी त्रासात कशी बदलायची, दहा जणांचे सकाळचे आवरणे कोणत्या क्रमाने केले तर वेळेत बसते, तर त्याचे उत्तम उत्तर जुन्या, अनुभवी असिस्टंटकडे मिळते, नर्सकडे कदाचित मिळणारही नाही. ड्यूटी, रजा, पगार, तक्रार हे इनचार्ज किंवा कार्यालयाचे विषय. आणि चौथा प्रकार बहुतेक जण विसरतात : रुग्णाच्या सवयीचा प्रश्न खुद्द रुग्णालाच विचारायचा असतो. उशी कोणत्या बाजूला हवी, पाणी किती गरम चालते, उठताना कोणता हात धरला तर बरे वाटते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्याला बोलता येत नसेल तर नातेवाइकांना विचारावे, मात्र रुग्णाला कसे उठवायचे किंवा तोंडाने काही द्यायचे का, याबाबत नातेवाइकांचा शब्द अंतिम मानू नये.

नर्सला केव्हा विचारायचे, याचेही भान हवे. औषधे काढताना किंवा मोजताना तिला थांबवले तर त्यातून दुसरीच चूक होऊ शकते, त्यामुळे थांबता येण्याजोगे प्रश्न चिठ्ठीवर टिपून फेरी संपल्यावर एकत्र विचारावेत. पण रुग्णाला श्वास घ्यायला त्रास होणे, छातीत दुखणे, अचानक बोबडे बोलणे किंवा चेहऱ्याची एक बाजू ओघळणे, हाकेला ओ न देणे, पडणे, नव्याने रक्तस्राव दिसणे यांपैकी काहीही असेल, तर फेरी चालू आहे की जेवणाची सुट्टी आहे हे पाहायचे नाही. रुग्णाजवळ थांबून तिथूनच मोठ्याने बोलवावे किंवा आपत्कालीन बेल दाबावी.

ओव्हर घेताना

दिवसातले सगळ्यात मोलाचे सल्ले ओव्हर घेण्याच्या, म्हणजे मागच्या पाळीकडून रुग्णांची माहिती घेण्याच्या, दहा-पंधरा मिनिटांत मिळतात आणि नवे लोक नेमके तिथे गप्प उभे राहतात. प्रत्येक रुग्णाबाबत विचारायच्या गोष्टी ठरवून ठेवाव्यात. तो स्वतः उठतो का, आधार लागतो का, लागत असल्यास एका माणसाचा की दोघांचा? पडण्याचा धोका आहे का? तोंडाने खाण्यापिण्याला परवानगी आहे का, घट्टसर द्रव द्यायचा आहे का, पाण्यावर बंधन आहे का? कोणत्या हातावर बीपी घ्यायचे नाही? डायलिसिससाठी फिस्टुला (शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) केलेल्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नसतो, आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हातही बहुधा टाळतात. कॅथेटर (लघवीची नळी) आहे का, लघवी मोजायची आहे का, त्वचा कुठे लाल झाली आहे, संसर्गासाठी वेगळी काळजी घ्यायची आहे का, हेही त्यातच आले.

हे सगळे डोक्यात राहत नाही, म्हणून खिशात घडीचा कागद ठेवावा. त्यावर रुग्णाच्या पूर्ण नावाऐवजी खाटेचा क्रमांक लिहावा आणि ड्यूटी संपताना तो संस्थेच्या पद्धतीप्रमाणे नष्ट करावा. हा कागद बसमध्ये किंवा घरी सापडणे म्हणजे कोणाच्या तरी आजाराची माहिती रस्त्यावर टाकण्यासारखे आहे.

खाटेजवळ : हाताला वळण लावणारा सल्ला

तोंडी सल्ल्यापेक्षा इथे बघून शिकणे अधिक उपयोगी. अनुभवी असिस्टंटला ‘एकदा मला दाखवा, मग मी करते, तुम्ही बघा’ असे म्हणावे. पाहिलेले स्वतः करून दाखवेपर्यंत ते शिकलेले नसते.

पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडलेल्या रुग्णाला सदरा घालण्याचे उदाहरण घेऊ. नवखा माणूस चांगला हात आधी बाहीत घालतो, कारण तो सहज वळतो. नंतर लुळ्या हातासाठी कापड पुरत नाही आणि तो ओढला जातो. योग्य क्रम उलटा आहे : घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. बाही गोळा करून त्यात आपलाच हात बाहेरच्या टोकाकडून घालायचा, लुळ्या हाताचा पंजा अलगद धरायचा आणि बाही त्याच्या दंडापर्यंत सरकवायची. लुळा खांदा ओढल्याने सांधा दुखावतो, म्हणून त्या काखेत हात घालून रुग्णाला वर खेचण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. याच रुग्णाला खुर्चीत बसवायचे असेल तर चाकाची खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला, दोन्ही ब्रेक लावून, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करून ठेवावी.

भरवण्याच्या कामात घाई सर्वांत महागात पडते. रुग्णाला शक्य तितके सरळ बसवून, स्वतः उभे न राहता त्याच्या नजरेच्या पातळीवर बसावे. लहान चमचा, एक घास, तो गिळल्याची खात्री, मग पुढचा घास. पक्षाघात झालेल्यांच्या लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो आणि त्यांना ते जाणवतही नाही, त्यामुळे शेवटी तोंड तपासावे लागते. घशात पाणी अडकल्यासारखा ओला आवाज येऊ लागला, खोकला लागला किंवा डोळ्यांत पाणी आले तर तिथेच थांबावे आणि नर्सला सांगावे. ‘आणखी दोनच घास’ हा आग्रह इथे करू नये. जेवणानंतर साधारण अर्धा तास त्याला आडवे करू नये.

कूस बदलण्याचे वेळापत्रक प्रत्येक रुग्णाच्या स्थितीवरून ठरते. दर दोन तासांनी ही जुनी रीत अजूनही अनेक ठिकाणी पाळली जाते. पूर्ण कुशीवर झोपवले की सगळा भार कमरेच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंश कललेली स्थिती अधिक चांगली. प्रत्येक वेळी माकडहाड, टाचा, कमरेची हाडे आणि डोक्याची मागची बाजू पाहून घ्यावी. लाल झालेल्या जागेवर बोटाने हलके दाबून सोडावे. ती क्षणभर पांढरी न होता तशीच लाल राहिली तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे आणि त्याच ड्यूटीत नर्सला कळवायची गोष्ट आहे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा वेगळा रंग, गरमपणा, कडकपणा किंवा दुखणे यांवर लक्ष ठेवावे लागते.

आता आंघोळीला नाही म्हणणाऱ्या आजोबांकडे येऊ. शुद्धीवर असलेल्या, समज असलेल्या रुग्णाला नकार देण्याचा हक्क आहे. जबरदस्ती करायची नाही आणि ‘आंघोळ झाली’ असे खोटे लिहायचेही नाही. कारण विचारावे. थंडी वाजते, दुखते, परक्या बाईसमोर किंवा परक्या पुरुषासमोर कपडे काढायला संकोच वाटतो, यांपैकी काहीतरी बहुधा निघते आणि त्यावर उपाय असतो : दुखण्याचे औषध दिल्यानंतरची वेळ, दुसरा कर्मचारी, निदान तोंड, काखा आणि जांघा एवढेच पुसणे. स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाशी वाद न घालता समोरून जाऊन, नाव घेऊन, अर्ध्या तासाने पुन्हा विचारले तर पुष्कळदा काम होते. तरीही नकार असेल, तर तो तसाच नोंदवून नर्सला सांगावा.

मोजमाप आणि ते सांगण्याची रीत

विश्रांतीच्या स्थितीतल्या प्रौढाची नाडी मिनिटाला साधारण 60 ते 100, श्वास 12 ते 20, आणि ऑक्सिजनचे प्रमाण बहुधा 95 टक्के किंवा त्याहून अधिक असते. फुप्फुसाच्या जुनाट आजारात मात्र डॉक्टर काही रुग्णांसाठी मुद्दाम कमी पातळी ठरवतात, म्हणून ‘या रुग्णाबाबत कोणत्या आकड्याला तुम्हाला कळवू?’ असा प्रश्न ड्यूटीच्या सुरुवातीलाच विचारून ठेवावा. बीपी घेण्याआधी रुग्ण पाच मिनिटे शांत बसलेला असावा, पाय जमिनीला टेकलेले, हात हृदयाच्या पातळीवर, आणि घेताना कोणीच बोलायचे नाही. दंडाला लहान पडणारा पट्टा खऱ्यापेक्षा जास्त बीपी दाखवतो. श्वास मोजताना तसे सांगू नये, कारण सांगितले की माणूस वेगळाच श्वास घेऊ लागतो. नाडी मोजून झाल्यावर मनगट तसेच धरून ठेवावे आणि छातीकडे पाहत पूर्ण मिनिट मोजावे. घाईत मागच्यासारखाच आकडा भरून टाकण्याची सवय काही वॉर्डांत रुळलेली असते. ती उचलू नका. त्या आकड्यावर औषध ठरते.

माहिती सांगण्यासाठी अनेक रुग्णालयांत ‘एसबीएआर’ ही पद्धत वापरतात : परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, अपेक्षा. मूळची ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची. असिस्टंटने रोगनिदान करायचे नसते, त्यामुळे ‘अंदाज’ या जागी आपल्याला काय वेगळे दिसले तेवढे सांगावे. ‘सिस्टर, चार नंबर जरा बरे वाटत नाहीत’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी असे म्हणावे : ‘सिस्टर, खाट चारच्या आजी सकाळी माझ्याशी नीट बोलत होत्या, आता त्या मला मुलीच्या नावाने हाका मारतायत. श्वास 26, अंग गरम आहे, आणि सकाळपासून कॅथेटरच्या पिशवीत फक्त 80 मिली लघवी आहे. तुम्ही आत्ता येऊन बघाल का?’ यात सगळे आले. प्रौढाची लघवी तासाला 30 मिलीहून कमी होऊ लागली तर ती कळवण्याची बाब आहे आणि वृद्धांमध्ये अचानक आलेला गोंधळ हे संसर्गाचे पहिलेच लक्षण असू शकते. ‘वय झालंय’ म्हणून तो सोडून देऊ नये. सांगूनही कोणी आले नाही आणि रुग्ण अधिकच बिघडत असेल, तर पुन्हा सांगावे, मग इनचार्जला सांगावे. याने कोणी रागावले तरी रागावू द्यावे.

जो सल्ला घेऊ नये

जुन्या माणसांकडून खूप शिकायला मिळते, पण काही गोष्टी केवळ जुन्या आहेत म्हणून चालू असतात. हातमोजे घातले की हात धुवायची गरज नाही, ही त्यांपैकी सगळ्यात पसरलेली. हातमोज्यांना बारीक छिद्रे असू शकतात आणि ते काढताना हात मळतात, म्हणून काढल्यावर हात स्वच्छ करायचेच. जागतिक आरोग्य संघटनेने हातांच्या स्वच्छतेचे पाच प्रसंग सांगितले आहेत : रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, शरीरद्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळावे, साबणपाण्याने सगळा विधी 40 ते 60 सेकंदांचा होतो. हात दिसण्याइतके मळले असतील किंवा रुग्णाला जुलाब-उलट्यांचा संसर्ग असेल, तर साबणपाणीच हवे.

लाल झालेल्या जागेवर जोराने मालीश करा, असे कोणी सांगितले तर करू नये. आतल्या ऊतींना आणखी इजा होते. रुग्णाला हलवताना कॅथेटरची पिशवी पलंगावर ठेवा, हेही नको. पिशवी मूत्राशयाच्या खालीच राहिली पाहिजे आणि जमिनीला टेकता कामा नये. पडणाऱ्या माणसाला उभेच धरून ठेवण्याचा प्रयत्न दोघांनाही मोडतो. त्याला आपल्या अंगाशी ओढून, पाय जरा फाकवून, आपल्या मांडीवरून सावकाश जमिनीवर उतरवावे, डोके सांभाळावे आणि नर्सने तपासेपर्यंत उठवू नये. वापरलेली सुई टोचली तर जखम पिळून रक्त काढत बसू नये. साबणपाण्याने धुवावी आणि ताबडतोब कळवावे, कारण एचआयव्ही टाळणारी औषधे शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. ही गोष्ट लपवून ठेवण्याचा सल्ला देणारा कितीही अनुभवी असो, त्याचे ऐकू नये.

नकार देताना भाषा साधी ठेवावी. ‘मला अशी पद्धत शिकवलेली नाही, मी एकदा सिस्टरना विचारून घेते’ एवढे वाक्य बहुतेक प्रसंगी पुरते.

स्वतःसाठी मागायचा सल्ला

पाठ हे या व्यवसायातले पहिले बळी जाणारे अंग आहे. काम सुरू करण्याआधी पलंग कमरेच्या उंचीला आणावा, कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे, आणि धड पिळण्याऐवजी पावले वळवावीत. दोघांचे काम एकट्याने करून दाखवण्यात शौर्य नाही. दुखणे सुरू झाले की त्याच आठवड्यात सांगावे. महिनाभर सोसल्यावर ते कामामुळे झाले, हे पटवून देणे अवघड जाते.

रात्रपाळीची झोप, पहिला मृत्यू, शिव्या देणारा रुग्ण, यांबद्दल बोलायला कोणीतरी हवेच, आणि त्याच वॉर्डातला अनुभवी सहकारी त्यासाठी सर्वांत योग्य. मित्रांच्या किंवा मोबाईलवरच्या गटात सल्ला मागायचा असेल, तर नाव, छायाचित्र, खाटेचा क्रमांक, दुर्मीळ आजाराचे वर्णन, यांतले काहीही जाता कामा नये. नाव गाळले म्हणजे ओळख लपली असे होत नाही.

पहिला महिना संपत आला की इनचार्जकडे पंधरा मिनिटे मागून घ्यावीत. ‘माझे कसे चालले आहे?’ या प्रश्नाला ‘छान’ एवढेच उत्तर मिळते, म्हणून नेमके विचारावे : कोणती कामे मी आता एकट्याने करावीत, कोणती अजून कोणाच्या देखरेखीखाली, माझ्या नोंदींत काय राहून जाते, आणि रुग्णांना उचलण्याची माझी पद्धत कोणी पाहिली आहे का. जी कामे एकट्याने करायची परवानगी मिळेल, त्यांची यादी तारखेसह आणि सहीनिशी स्वतःकडे ठेवावी. दुसऱ्या वॉर्डात बदली झाली तर तिथल्या नर्सला तीच दाखवता येते.